विल्यम केरी: जोडे शिवणारे भाषागुरू

धाराशिव जिल्ह्यातील परांडे तालुक्यात सोनारी नावाचे गाव आहे. भैरवनाथाच्या यात्रेमुळे हे गाव दूरवर ठाऊक आहे. त्या भागात सेवा करणाऱ्या एका उपदेशक बंधूंचे पत्र आम्हांस आले आहे. ते साबाथ शाळा चालवितात, व तीत लमाण तांड्यावरील काही मुले येतात. ह्या मुलांच्या घरी गोरमाटी बोली चालते. आईला ती याडी म्हणतात, भाकरीला बाटी म्हणतात. मराठी ही त्यांची घरची भाषा नव्हे. बंधू लिहितात की, मुलांनी प्रभूची प्रार्थना एक अक्षर न चुकता पाठ म्हटली. परंतु त्या प्रार्थनेत आपण देवाजवळ काय काय मागतो, असे विचारताच सर्व मुले गप्प बसली. तेव्हापासून त्यांनी पुस्तक बाजूस ठेवून मुलांशी नुसते बोलण्यास आरंभ केला. त्यावर मंडळीतील वडील माणसे कुरकुर करू लागली की, मास्तर शिकवीत नाहीत, गप्पा मारीत बसतात. आता बंधूंचा प्रश्न असा की, परकी भाषा शिकविताना वर्णमाला, व्याकरण व पाठांतर ह्या जुन्या वाटेने जावे, की आधी कान व जीभ तयार करून मग पुस्तक हाती द्यावे?

हा प्रश्न आपल्या भागास नवा नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि आपल्या आजोबांपैकी जे शाळेत गेले त्यांस मराठी घरात राहून उर्दूतून शिकावे लागले. परंतु ह्या प्रश्नाचा ज्याने जन्मभर अभ्यास केला, व जो एकदा त्यात यशस्वी झाला आणि एकदा कमी पडला, अशा एका देवसेवकाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवितो. आपल्या मराठी भाषेचे एक आरंभीचे छापील व्याकरण व मराठीतील पहिले छापील शुभवर्तमान ह्याच पुरुषाच्या श्रमाने सिद्ध झाले. त्यांचे नाव रे. विल्यम केरी.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात पॉलर्सपरी ह्या खेड्यात झाला. त्यांचे वडील प्रथम विणकर होते, व पुढे गावच्या शाळेचे पंतोजी झाले. घरी गरिबी होती. मुलास थोडे लिहिणे-वाचणे आले, आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यास शेजारच्या गावी एका जोडे शिवणाऱ्याच्या हाताखाली उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. त्या दुकानात काही धार्मिक पुस्तके होती. त्यांपैकी नव्या कराराच्या एका टीकेत मधून मधून अनोळखी अक्षरे छापलेली विल्यमच्या दृष्टीस पडली. ती ग्रीक भाषेची होती. त्यास ती वाचता येईनात. त्याने काय करावे? ती अक्षरे जशीच्या तशी कागदावर उतरून घेतली, आणि गावी गेल्यावर टॉमस जोन्स नावाच्या एका विणकराकडे नेली. हा विणकर पूर्वी चांगला शिकलेला होता. त्याच्याकडून ह्या मुलाने ग्रीक भाषेचा ओनामा केला.

येथून पुढे हातात आरी आणि समोर उघडे पुस्तक, असा त्यांचा क्रम पडला. जोडे शिवता शिवता त्यांनी लॅटिन, ग्रीक व हिब्रू ह्या तीन भाषा मिळविल्या. त्यांत डच व फ्रेंच ह्यांची भर घातली. येथे त्यांची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. व्याकरणाचे नियम ते शिकत, आणि ज्या वचनाचा अर्थ आपणांस आपल्या भाषेत आधीच ठाऊक आहे तेच वचन परक्या भाषेत काढून दोन्ही ताडून पाहत. ज्ञात वस्तूचा हात धरून अज्ञात वस्तूकडे जाणे, ही ती रीत होय. ज्या भाषा आता पुस्तकातच जिवंत आहेत त्यांच्यासाठी ती उत्तम ठरली. परंतु ग्रीक भाषेत त्यांस बाजारातून मीठ आणावयाचे नव्हते, की मजुराशी बोलावयाचे नव्हते. तो प्रसंग पुढे यावयाचा होता.

१७८१ साली त्यांचा विवाह डॉरोथी प्लॅकेट ह्यांच्याशी झाला. ह्या बाईंस त्या वेळी आपले नावही लिहिता येत नव्हते. १७८३ च्या ऑक्टोबरात केरी यांनी नेन नदीत बाप्तिस्मा घेतला, आणि १७८५ च्या सुमारास ते मोल्टन येथे मंडळीची सेवा करू लागले. पगार तुटपुंजा होता. म्हणून ते शाळाही चालवीत व जोडेही शिवीत. भिंतीवर त्यांनी स्वतः तयार केलेला जगाचा नकाशा लाविलेला असे, आणि कोणत्या देशात किती लोक सुवार्तेवाचून आहेत हे ते त्यावर लिहीत. ह्याच चिंतनातून १७९२ साली त्यांनी एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. पुढील वर्षी जूनच्या १३ तारखेस केरी आपल्या कुटुंबासह हिंदुस्थानास निघाले. सोबत डॉ. जॉन टॉमस होते. त्यांस थोडी बंगाली येत होती. पाच महिन्यांच्या त्या प्रवासात जहाजावरच केरी यांनी बंगालीचे पहिले धडे घेतले. ११ नोव्हेंबर १७९३ रोजी ते कलकत्त्यास उतरले, आणि त्यानंतर मरेपर्यंत पुन्हा स्वदेशी गेले नाहीत.

आल्याबरोबर त्यांनी रामराम बसू ह्या गृहस्थांस मुनशी म्हणून ठेविले. जो माणूस शिकविण्यास आला होता तो आधी शिष्य झाला, ही गोष्ट आमच्या उपदेशक बंधूंनी विसरू नये. पहिली काही महिने मोठ्या हालाचे गेले. राहण्यास ठिकाण नाही, हाती पैसा नाही, घरात आजार. शेवटी १७९४ च्या मध्यास उत्तर बंगालात मदनावती येथे निळीच्या कारखान्यावर त्यांस देखरेखीची नोकरी मिळाली. तेथेच त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. त्यास मूठमाती देण्यासही माणसे मिळण्याची पंचाईत पडली. त्या दुःखाने डॉरोथीबाईंचे मन जे बिघडले ते पुन्हा सावरले नाही. १८०७ च्या डिसेंबरात त्यांस मरण येईपर्यंत त्या त्याच स्थितीत होत्या. थोर पुरुषांच्या चरित्रात अशा बाईंचे दुःख एका ओळीत उरकण्याची चाल आहे. आम्हांस ती बरी वाटत नाही. ज्या भाषेची, ज्या देशाची व ज्या कामाची निवड त्यांनी स्वतः केली नव्हती, त्याचे सर्वांत जड ओझे त्यांनी वाहिले.

मदनावतीस केरी यांस आपल्या विद्येची खरी परीक्षा द्यावी लागली. मुनशीने त्यांस जी बंगाली शिकविली होती ती शिकल्यासवरल्या लोकांची होती. तीत संस्कृत शब्दांचा भरणा होता. कारखान्यावरील मजूर व आसपासच्या खेड्यांतील कुणबी ह्यांचे बोलणे निराळे होते. साहेब बोलत, लोक आदराने ऐकत, पण अर्थ पुरता पोहोचत नसे. केरी यांनी हे आपल्या अनुभवाने ओळखिले, आणि तेथून त्यांनी शिकण्याची दुसरी वाट धरिली. सकाळी पंडिताबरोबर पुस्तक, आणि दिवसा मजुरांबरोबर कान. शेतातील, घाटावरील, बाजारातील शब्द ते टिपून घेत. रात्री ते शब्द भाषांतरात घालून पाहत. एकट्या पुस्तकाने त्यांस भाषेचा सांगाडा दिला. रक्त व मांस त्यांस लोकांनी दिले. एवढे करूनही पहिला बंगाली मनुष्य प्रभूकडे येण्यास सात वर्षे लागली. कृष्ण पाल नावाच्या सुताराचा बाप्तिस्मा २८ डिसेंबर १८०० रोजी झाला.

त्या वेळी केरी श्रीरामपूर येथे आले होते. वाचकांनी हे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर समजू नये. हे गाव कलकत्त्याजवळ हुगळी नदीच्या काठी असून त्या काळी डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते. कंपनी सरकार आपल्या मुलखात मिशनऱ्यांस राहू देत नसे, म्हणून जानेवारी १८०० मध्ये केरी तेथे गेले, आणि मार्शमन व वॉर्ड ह्या सोबत्यांसह त्यांनी छापखाना व शाळा सुरू केली. १८०१ साली बंगाली नवा करार छापून निघाला.

ह्या पुस्तकाने त्यांचे नाव कलकत्त्यात झाले. इंग्लंडाहून येणाऱ्या तरुण अंमलदारांस देशी भाषा शिकविण्यासाठी गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी १८०० साली फोर्ट विल्यम कॉलेज काढले होते. तेथे बंगाली शिकविण्यास १८०१ साली केरी यांस बोलाविण्यात आले. ज्याने स्वतः कधी कॉलेजाचे तोंड पाहिले नव्हते तो कॉलेजात शिक्षक झाला. त्यांच्याकडे पुढे संस्कृत व मराठी ह्या भाषाही आल्या. पगार प्रथम दरमहा ५०० रुपये व पुढे १,००० रुपये होता. त्यातील थोडे आपल्या निर्वाहास ठेवून बाकी सर्व ते मिशनच्या कामास देत.

आता प्रश्न आला तो शिकविण्याच्या रीतीचा. सोनारीच्या बंधूंपुढे आहे तोच. शिकणारे तरुण काही महिन्यांत जिल्ह्यावर जाणार, तेथे रयतेचे गाऱ्हाणे ऐकणार व त्यावर निवाडा करणार. त्यांस काय शिकवावे? पहिली वाट पंडितांची होती: आधी संस्कृताचा पाया, मग देशी भाषा. तीत भाषा शुद्ध येई, पण शिकणारा रयतेशी बोलण्यापूर्वीच त्याची वर्षे सरत. दुसरी वाट युरोपातील शाळांची होती: लॅटिनप्रमाणे विभक्ती व रूपे घोकावी आणि पुस्तकाचे भाषांतर करावे. तीत वाचता येई, पण समोरचा मनुष्य बोलू लागला म्हणजे शिकणारा मुका होई. तिसरी वाट नोकरचाकरांच्या तोंडून शब्द उचलण्याची होती. तीत काम भागे, पण भाषा मोडकी राही, आणि ज्याची भाषा मोडकी त्याचा निवाडाही मोडका होण्याचे भय असे.

केरी यांनी ह्यांपैकी एकही वाट टाकिली नाही, व एकीवरच भिस्तही ठेविली नाही. त्यांनी १८०१ सालीच बंगालीचे व्याकरण छापिले. त्याच साली संवादांचे एक पुस्तक काढिले. हे पुस्तक आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. त्यात नोकर ठेवण्याचे बोलणे आहे, सावकार व कूळ ह्यांचे आहे, जमीनदार व रयत ह्यांचे आहे, मजुरांचे आहे, बाजारास जाणाऱ्या बायकांचे आहे, इतकेच काय पण बायकांच्या भांडणाचेही आहे. जो मनुष्य जसा बोलतो तसेच त्याचे शब्द त्यात ठेविले आहेत. सभ्य लोकांस असली भाषा पुस्तकात छापणे अयोग्य वाटे. परंतु केरी यांची समज अशी होती की, ज्या अंमलदारास कुळाचे रडगाणे कुळाच्या शब्दांत समजत नाही त्यास त्या कुळाचा न्याय करण्याचा अधिकार नाही. म्हणून व्याकरण, संवाद व शब्दकोश ही तिन्ही त्यांनी एकमेकांच्या आधारास उभी केली; आणि वाचण्यास सोपे गद्य हवे म्हणून आपल्या पंडितांकडून गोष्टींची व चरित्रांची पुस्तके लिहविली. बंगाली गद्याची वाढ ह्या पुस्तकांपासून झाली असे तेथील जाणते सांगतात.

मराठीकडे वळल्यावर त्यांनी हाच क्रम ठेविला. पंडित वैजनाथ शर्मा ह्यांच्या साह्याने १८०५ साली त्यांनी मराठी भाषेचे व्याकरण छापिले, आणि त्याच्या शेवटी नित्याच्या विषयांवरील संवाद जोडिले. त्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले. १८१० साली मोडी अक्षरांत छापलेला मराठी कोश झाला, व १८११ साली नवा करार पुरा झाला. पुढे सिंहासन बत्तिशी, हितोपदेश इत्यादी मराठी पुस्तकेही त्याच छापखान्यातून निघाली. पेशवाई अद्याप उभी होती, पुण्यात छापखाना नव्हता. आणि बंगालात, हुगळीच्या काठी, आपली मराठी भाषा खिळ्यांवर चढत होती! हे वाचून कोणा मराठी ख्रिस्ती मनुष्याचे अंतःकरण उपकाराने भरून येणार नाही?

परंतु सत्य सांगितले पाहिजे. मराठीत केरी यांस बंगालीसारखे यश आले नाही. कारण त्यांच्या रीतीत शोधावयास नको. त्या रीतीचा अर्धा भाग येथे त्यांस लाभलाच नाही, हेच कारण. बंगाली त्यांनी मजुरांत राहून शिकली होती. मराठी त्यांनी कलकत्त्यात बसून पंडितांच्या तोंडून घेतली. महाराष्ट्रात ते कधी राहिले नाहीत. एखाद्या मराठी बाईस जात्यावर बसलेली, किंवा एखाद्या कुणब्यास बैलाशी बोलताना त्यांनी ऐकिले नाही. वैजनाथ पंडित नागपुराकडील होते, म्हणून त्या भाषांतरास तिकडील बोलीचे वळण लागले, आणि मुंबई-कोकणाकडील लोकांस ते नीटसे उमगेना. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस आले. त्यांनी व त्यांच्या मागून आलेल्यांनी लोकांत मिसळून मराठी शिकून घेतली, आणि भाषांतर नव्याने केले. १८१७ साली त्यांचे मत्तयाचे शुभवर्तमान व १८२६ साली नवा करार छापून झाला.

श्रीरामपूरहून संपूर्ण शास्त्र किंवा त्याचे काही भाग सुमारे ४० भाषांत निघाले. केरी यांस वाटे की, एकदा संस्कृत आली म्हणजे तिच्या लेकी लवकर ओळखीच्या होतात. हे काही अंशी खरे होते. परंतु आई ओळखीची आहे म्हणून लेकीच्या मनातले कळतेच असे नाही. त्यांपैकी कित्येक भाषांतरे पुढे पुन्हा करावी लागली. ह्यात केरी यांचा मोठेपणा असा की, आपले लिखाण त्यांनी कधी शेवटचे मानिले नाही. बंगाली नवा करार त्यांनी आपल्या हयातीत पुनःपुन्हा तपासून आठ वेळा छापिला. ११ मार्च १८१२ रोजी छापखान्यास आग लागून खिळे, कागद व अनेक वर्षांची हस्तलिखिते जळाली. त्यांत अनेक भाषांचा एक मोठा कोशही गेला. त्यांनी देवाच्या इच्छेपुढे मान लवविली, आणि राखेतून वितळलेले धातू गोळा करून नवे खिळे पाडण्याचे काम सुरू झाले. पुढे आपले भाषांतर पुन्हा करावयास बसल्यावर, दुसऱ्यांदा चालताना वाट अधिक परिचयाची असते असा अनुभव त्यांस आला.

मुलांच्या शिक्षणाविषयी श्रीरामपूरच्या ह्या मंडळींचे मत ठाम होते. मुलास ज्ञान त्याच्या घरच्या भाषेतून द्यावे. दुसरी भाषा त्यानंतर, त्या पायावर चढवावी. ह्या मताने त्यांनी बंगालातील खेड्यांत पुष्कळ शाळा काढिल्या, व १८१८ साली श्रीरामपूर कॉलेज स्थापिले. उतारवयातही केरी आपल्या बागेत झाडांची निगा करीत व मुद्रिते तपाशीत. एकदा मोठ्या लोकांच्या मेजवानीत त्यांस हिणविण्याच्या हेतूने कोणी विचारिले की, हे पूर्वी जोडे करीत होते काय? त्यावर केरी यांनी शांतपणे सांगितले की, जोडे करण्याइतकाही मी मोठा नव्हतो, फाटलेले सांधीत असे. ज्या देशात चामड्याचे काम करणाऱ्यास गावाबाहेर ठेवीत, त्या देशात देवाने असा मनुष्य पंडितांचा सहकारी व साहेबांचा गुरू करून पाठविला! ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथे त्यांस देवाज्ञा झाली. तेव्हा त्यांचे वय ७२ वर्षांचे होते.

आता सोनारीच्या बंधूंच्या प्रश्नाकडे वळू. आम्ही त्यांस आज्ञा करू शकत नाही. केरी यांच्या चरित्रातून जे दिसते तेवढेच सांगतो. मुलांशी बोलत बसणे हे शिकविणे नव्हे, असे जे म्हणतात त्यांस सांगावे की, मराठीचे व्याकरण लिहिणाऱ्या केरी यांनी त्याच पुस्तकात बोलण्याचे धडे घातले आहेत. परंतु बंधूंनीही पुस्तक कायमचे बंद करू नये. व्याकरणावाचून राहिलेली भाषा मोडकी राहते, आणि मोडक्या मराठीने ही मुले उद्या बाजारात, कचेरीत व शाळेत मागे पडतील. म्हणून प्रथम मुलांकडून त्यांची बोली आपण शिकावी. बाटीपासून आरंभ करून भाकरीपर्यंत यावे. ती भाकर मुले मराठीत मागू लागली म्हणजे मग तोच शब्द त्यांस पुस्तकात दाखवावा, आणि शेवटी तो वाक्यात कसा बदलतो ते सांगावे. पाठांतर असावेच, पण अर्थ कळल्यावर. त्या दिवशी प्रभूची प्रार्थना ती मुले पुन्हा म्हणतील, आणि आपण काय मागतो हे त्यांस ठाऊक असेल.

हे करताना एक गोष्ट आम्ही सर्वच उपदेशक बंधूंस विनवितो. आठवड्यातून एक वेळ तरी तांड्यावर जाऊन बसावे. केरी यांस जे मराठीत करावयास मिळाले नाही ते आपल्या घराच्या दाराशी आहे. पेंटेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्म्याने लोकांस एक नवी भाषा शिकवून मग सुवार्ता सांगितली नाही. ज्याची त्याची जन्मभाषा बोलणाऱ्यांच्या मुखी घातली. जो गुरू शिष्याच्या भाषेत पहिले पाऊल टाकतो त्याच्या मागे शिष्य आनंदाने चालतो. देव आमच्या सोनारीच्या बंधूंच्या श्रमांस यश देवो, आणि तांड्यावरील त्या लेकरांस दोन्ही भाषांत आपल्या स्वर्गीय पित्यास हाक मारावयास शिकवो.